व्यापाऱ्यांसाठी जन्मलेला खेळ

व्यापारी कुटुंबात खेळ हा विषय बहुधा शाळेच्या दाखल्याबरोबर संपतो. मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा होईपर्यंत मैदानावर असतो; पुढे कॉलेज, मग पेढी, मग संसार, मग दुसरे दुकान. चाळिशी ओलांडेपर्यंत दिवसाचे दहा-बारा तास गादीवर किंवा काउंटरमागच्या खुर्चीवर जाऊ लागतात. पोट सुटते, दोन जिने चढताना दम लागतो आणि एके वर्षी तपासणीच्या कागदावर साखरेच्या आकड्याभोवती डॉक्टरांनी केलेले वर्तुळ दिसते. अशा वेळी मिळणारा सल्ला ठरलेला असतो: रोज चाला. सल्ला उत्तम आहे. परंतु दिवाळीची खरेदी, लग्नसराई, मार्चअखेरचे हिशेब आले की सर्वांत आधी चालणेच सुटते. कारण एक दिवस चाललो नाही, तर त्या दिवशी कोणाचेच काही अडत नाही.

सांघिक खेळाचे बळ नेमके येथे आहे. व्हॉलीबॉलला सहा जण हवे असताना पाचच आले, तर त्या पाचांच्या सकाळचा विरस होतो आणि तो कोणामुळे झाला हे सर्वांना ठाऊक असते. प्रकृतीची किंवा कामाची सबब स्वतःला सांगणे सोपे असते. वाट पाहणाऱ्या पाच जणांना तीच सबब सांगणे अवघड जाते. दिलेल्या शब्दावर माल उचलणाऱ्या आणि ठरल्या तारखेस पैसे पोचविणाऱ्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

तरीही पंचेचाळिशीतला गृहस्थ मैदानाच्या कडेलाच थांबतो. गुडघे दुखतील ही भीती असतेच, पण त्याहून मोठी भीती हसे होण्याची असते. दुकानात ज्याच्या शब्दावर दहा माणसे हलतात, त्याने साधा चेंडू हातातून सोडावा, धापा टाकाव्यात, आणि तेही पुतण्यांच्या देखत, हे त्याला नको असते. मग खेळ तरुणांचा, आपला नव्हे, अशी मनाची समजूत तो घालून घेतो. व्हॉलीबॉलच्या बाबतीत तरी ही समजूत इतिहासाला धरून नाही.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात होलीओक नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते कागदाच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध होते. तेथील वायएमसीए संस्थेत विल्यम जी. मॉर्गन हा पंचविशीचा तरुण शारीरिक शिक्षणाचा संचालक होता. जवळच्याच स्प्रिंगफील्ड शहरात जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये बास्केटबॉल शोधून काढला होता आणि तरुणांनी तो उचलून धरला होता. मॉर्गनच्या वर्गाला मात्र गावातील व्यापारी आणि उद्योजक येत. दिवसभर बैठे काम करणारे, मध्यमवयीन, शरीराने जड झालेले. बास्केटबॉलमधील धावपळ आणि धक्काबुक्की त्यांना सोसत नसे. त्यांच्यासाठी काहीतरी सौम्य, तरीही घाम आणणारे हवे होते.

मॉर्गनने टेनिसचे जाळे घेतले आणि ते जमिनीपासून साडेसहा फूट उंचीवर, म्हणजे साधारण पुरुषाच्या डोक्याच्या किंचित वर, बांधले. दोन्ही संघांमध्ये जाळे आल्यामुळे अंगावर अंग आदळण्याचा प्रश्न मिटला. बास्केटबॉल हाताला जड जाई आणि त्याच्या आतला रबरी फुगा फारच हलका ठरे, म्हणून नवा चेंडू बनवून घेण्यात आला. १८९५ मध्ये जन्मलेल्या या खेळाचे पहिले नाव ‘मिंटोनेट’. पुढच्या वर्षी स्प्रिंगफील्ड येथे त्याचे प्रात्यक्षिक झाले, तेव्हा पाच-पाच जणांच्या दोन संघांचे नेतृत्व होलीओकचे महापौर आणि तेथील अग्निशमन दलाचे प्रमुख यांच्याकडे होते. ते पाहून आल्फ्रेड हॉल्स्टेड यांनी ‘व्हॉली बॉल’ हे नाव सुचविले आणि तेच रूढ झाले. गावातील प्रतिष्ठित माणसे भरल्या सभेपुढे चेंडूमागे धावली आणि त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही, हे आजच्या संकोची गृहस्थाने ध्यानात घेण्याजोगे आहे.

त्या मूळ खेळाचे नियमही नवख्या माणसाला सांभाळून घेणारे होते. संघात किती माणसे असावीत याला बंधन नव्हते. जितके आले तितके खेळत. चेंडू पलीकडे धाडण्यापूर्वी आपल्या बाजूला कितीही वेळा हात लागलेला चालत असे. टेनिसप्रमाणे पहिली सर्व्हिस चुकली, तर दुसरी संधी मिळे. पुढे खेळ गतिमान होत गेला. १९१८ च्या सुमारास सहा खेळाडूंचा संघ ठरला, १९२० मध्ये तीन स्पर्शांची मर्यादा आली, १९४७ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि १९६४ मध्ये टोकियोत व्हॉलीबॉल ऑलिंपिकमध्ये दाखल झाला. भारताच्या पुरुष संघाने १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत रौप्यपदक आणि १९८६ च्या सोल स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. आज पुरुषांसाठी जाळ्याची वरची कड २.४३ मीटरवर, म्हणजे मॉर्गनच्या जाळ्याहून सुमारे दीड फूट उंच असते. महिलांसाठी ती २.२४ मीटर आहे. दूरचित्रवाणीवर दिसतो तो हा उंचच उंच खेळाडूंचा खेळ. नवखा माणूस स्वतःची तुलना त्याच्याशी करतो आणि मागे फिरतो. त्याने खेळायचा असतो १८९५ चा खेळ, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

सुरुवात करणाऱ्या मंडळाने जुने नियम सरळ परत आणावेत. जाळे साडेसहा-सात फुटांवर बांधावे. सर्व्हिसची दुसरी संधी द्यावी. पहिले काही आठवडे तीनऐवजी चार-पाच स्पर्श चालू द्यावेत. हवे तर चेंडूचा एक टप्पाही माफ करावा. पूर्ण मैदान १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद असते. आठ-दहा नवशिक्यांनी त्याहून लहान मैदान आखले तर चेंडू अधिक वेळा हाती येतो. जागा मातीची किंवा गवताची बघावी. सोसायटीच्या आवारातील पेव्हर ब्लॉक आणि भवनाच्या अंगणातील फरशी सोयीची वाटते, पण पडणाऱ्याला आणि उडी मारणाऱ्याला ती क्षमा करीत नाही. चेंडू २६० ते २८० ग्रॅम वजनाचा असतो. नवशिक्यांसाठी त्याहून हलके आणि मऊ चेंडूही मिळतात. आज बहुतेक चेंडूंचे आवरण कृत्रिम असते. तरी ज्यांना चामडे वर्ज्य आहे त्यांनी घेताना तेवढे विचारून घ्यावे.

घरातील महिलांनाही हे मैदान तितकेच खुले आहे. अनेकींनी शाळेत थ्रोबॉल खेळलेला असतो. त्यात चेंडू झेलून लगेच फेकायचा असल्यामुळे हात लवकर बसतो. पहिला महिना थ्रोबॉल आणि नंतर व्हॉलीबॉल हा क्रम महिलांना आणि पुरुषांनाही सोयीचा आहे. जाळे खाली असेल तर सासू, सून, मुलगा आणि वडील एकाच मैदानावर उतरू शकतात.

आता शरीराचा हिशेब. बरीच वर्षे न वापरलेल्या शरीराची सर्व अंगे एकाच वेगाने सुधारत नाहीत. दम तीन-चार आठवड्यांत सुधारू लागतो. स्नायू थोडे मागून येतात. स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा मात्र सर्वांत सावकाश मजबूत होतात. त्यांना काही महिने लागतात. त्यामुळे धोक्याचा काळ पहिला आठवडा नसतो, कारण तेव्हा माणूस जपून असतो. धोका येतो महिनाभराने, जेव्हा दम लागेनासा होतो, अंगात हुरूप येतो आणि टाचेमागची शीर अजून तयार नसताना माणूस जाळ्यावर उंच उडी घेतो. तीस ते पन्नास या वयातील, आठवडाभर बैठे काम करून एखाद्याच दिवशी खेळणाऱ्या पुरुषांमध्ये ही शीर तुटण्याच्या घटना विशेष आढळतात. पहिली खरेदी यशस्वी झाली म्हणून भांडवलाच्या पलीकडे जाऊन दुसरी करण्यासारखाच हा प्रकार आहे.

म्हणून पहिले दोन-तीन महिने उडी मारायची नाही, असा नियम सर्वांनी मिळून करावा. व्हॉलीबॉलमध्ये घोटा मुरगळणे ही नेहमीची दुखापत आहे आणि ती बहुधा जाळ्यापाशी, उडीनंतर दुसऱ्याच्या पायावर पाय पडून होते. उडीच नसेल तर तिचे मोठे कारण टळते. खेळण्यापूर्वी दहा मिनिटे सावकाश चालणे, मग हलके धावणे, खांदे, मनगटे आणि घोटे फिरविणे हे टाळू नये. बाजूला सरकताना घोट्याला आधार देणारे, सपाट तळाचे बूट घालावेत. केवळ सरळ धावण्यासाठी केलेले उंच, मऊ टाचेचे बूट येथे उपयोगाचे नाहीत. हातातील अंगठ्या आणि कडी घरी ठेवावीत. चेंडू बोटावर आला तर सुजलेल्या बोटातून अंगठी निघत नाही.

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांपैकी काही असेल, किंवा घराण्यात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरविणारी औषधे घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी आणि ते खेळणाऱ्यांपैकी एकाला तरी माहीत असावे. खेळताना दोन वाक्ये सलग बोलता येत असतील तर वेग योग्य आहे. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काही जाणवले तर डाव संपण्याची वाट न पाहता थांबावे आणि तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी. ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून बसून राहण्यात किती घरांनी माणूस गमावला आहे, हे सांगायला नको.

आहाराच्या नियमांशीही वेळ जुळवून घ्यावी लागते. सूर्यास्तानंतर पाणी न घेणाऱ्यांनी सायंकाळी खेळून घाम गाळणे आणि रात्रभर तहानलेले राहणे इष्ट नाही. नवकारशी पाळणाऱ्यांनी अगदी पहाटेची वेळही टाळावी. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी पाणी घेता येते. तेव्हा त्यानंतरचा आणि दुकान उघडण्यापूर्वीचा एक तास सर्वांत सोयीचा. उकळून गार केलेले पाणी घरून न्यावे. उपवासाच्या दिवशी खेळू नये, पण मैदानावर अवश्य यावे. गुण लिहिणारा आणि पंच म्हणून उभा राहणारा माणूस नेहमीच हवा असतो, आणि येण्याची सवय मोडत नाही.

खेळाचे पहिले कौशल्य हाताचे नसून पायांचे आहे. नवखा माणूस उभ्याउभ्या हात लांब करतो आणि चेंडू वेडावाकडा जातो. गुडघे वाकवून चेंडूखाली जाणे, दोन्ही हात जुळवून मनगटाच्या वरच्या सपाट भागावर तो घेणे आणि हात न झटकता पायांच्या उचलीने तो वर धाडणे, एवढे जमले की अर्धा खेळ आला. पहिले काही दिवस हात लाल होतात. पुढे त्याची सवय होते. दुसरे कौशल्य सर्व्हिस. या खेळात सर्व्हिस ही एकच गोष्ट अशी आहे की तिच्यात दुसऱ्या कोणाचा हात नसतो. खालून हात फिरवून मारलेली साधी सर्व्हिस रोज दहा मिनिटे भिंतीवर घोटता येते. प्रत्येक वेळी चेंडू जाळ्यापलीकडे पाडणारा माणूस जाडा असो की दमेकरी, संघाला हवाहवासा वाटतो. नवख्याने स्मॅशची स्वप्ने बाजूला ठेवून पहिल्यांदा हा मान मिळवावा.

मैदानावरची खरी परीक्षा मात्र मनाची असते. सर्व्हिस परत मिळाली की संघातील प्रत्येकाने घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एक जागा पुढे सरकायचे असते. त्यामुळे प्रत्येकाला मागे राहावे लागते, जाळ्यापाशी यावे लागते आणि सर्वांच्या नजरा आपल्यावर असताना सर्व्हिसही करावी लागते. कच्च्या खेळाडूला कोपऱ्यात लपविण्याची सोय नाही आणि मोठ्या माणसासाठी राखीव जागाही नाही. चेंडू एकाच खेळाडूला लागोपाठ दोनदा मारता येत नाही. म्हणजे एकट्याने सगळे करून दाखविण्याची वाटही बंद. पेढीवर सर्व सूत्रे स्वतःच्या हाती ठेवण्याची सवय लागलेल्या माणसाला हे दोन नियम फार शिकवितात.

दोन वडीलधारी माणसे शेजारी उभी असली की आणखी एक गंमत घडते. चेंडू दोघांच्या मधोमध येतो, एकमेकांचा मान राखून दोघेही थांबतात आणि चेंडू जमिनीवर पडतो. येथे सौजन्य उपयोगी नाही. ‘माझा’ अशी स्पष्ट हाक द्यावी लागते आणि दुसऱ्याने ती दिली की आपले हात मागे घ्यावे लागतात. हाक देणारा कदाचित आपल्याच दुकानातील विक्रेता किंवा वखारीतील हमाल असतो. महाराष्ट्रातील कितीतरी गावांत दोन खांब आणि एक जाळे एवढ्यावर संध्याकाळी व्हॉलीबॉल रंगतो. तेथून आलेला पोरगा मालकापेक्षा चांगला खेळतो, यात नवल नाही. त्याने ‘शेठ, सोडा!’ म्हणताच शेठजींनी चेंडू सोडला आणि त्या पोराने तो सुरेख वर घेतला, तर दोघांमधले नाते एका सकाळीत थोडे बदलते. त्याला गुरू करून ‘लिफ्ट कशी करायची ते दाखव’ असे म्हणणारा मालक दुकानात लहान होत नाही. उलट आपले चुकलेले माप किंवा बिघडलेला हिशेब त्या पोराला मालकाला सांगणे पुढे सोपे जाते, आणि व्यापारात ही गोष्ट मोलाची आहे.

घरातही असेच घडते. वडिलांना नेहमी जाणकार म्हणूनच पाहिलेल्या मुलाला ते प्रथमच शिकताना, चुकताना आणि पुन्हा प्रयत्न करताना दिसतात. परीक्षेत कमी गुण मिळाल्यावर ऐकलेल्या दहा उपदेशांपेक्षा हे दृश्य त्याला अधिक काही सांगून जाते. मुले हसतात, हे खरे. पण ती पहिल्या आठवड्यात हसतात, तिसऱ्या आठवड्यात सूचना देऊ लागतात आणि दुसऱ्या महिन्यात वडील आले नाहीत तर विचारणा करतात.

फळाबाबत अपेक्षा मात्र माफक ठेवाव्यात. आठवड्यातून दोनदा तासभर खेळून वजनाचा काटा झटकन खाली येत नाही, आणि खेळून आल्यावर फरसाणाची बशी रिकामी केली तर मुळीच येत नाही. काम करणारा स्नायू रक्तातील साखर वापरतो, व्यायामानंतरही काही तास इन्सुलिनचा परिणाम चांगला होतो, झोप सुधारते, जिना चढताना दम कमी लागतो. हे लाभ वजनाच्या आधी दिसतात. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन दिवसांचा खेळ त्यातील १२० मिनिटे भरून काढतो. उरलेले दिवस चालणे आहेच. शिवाय खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे आणि टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे हे दुकानातही करता येते, आणि पुढच्या उडीची तयारी त्यातूनच होते.

नव्या मंडळाने पहिल्या दोन महिन्यांत हार-जीत मोजूच नये. चेंडू जमिनीवर न पडता जाळ्यावरून सलग किती वेळा गेला, तेवढाच आकडा तारखेसह वहीत लिहावा. तो दोन्ही संघांनी मिळून कमावलेला असतो. त्यात एकाचा लाभ म्हणजे दुसऱ्याचा तोटा नसतो. सुरुवातीस तो दोन-तीनच्या पुढे जाणार नाही. ज्या सकाळी तो पहिल्यांदा दहावर पोचेल, त्या सकाळी मैदानावरच्या सर्वांनाच दम लागलेला असेल आणि दुकान उघडायला पाच-दहा मिनिटे उशीर होईल. तेवढा उशीर खुशाल होऊ द्यावा.